सुटलेल्या दोन ओळी

तीन चष्मे

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं सोडून मी एका वर्षात तीन चष्मे बदलले. इथूनच सुरुवात करतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ता चौथ्या चष्म्याच्या विचारात असेल. त्याने हे पुढे वाचावं किंवा न वाचावं, पण आधी जाऊन डोळ्यांतला दाब मोजून यावं.

मी मिलिंद. येरवड्यात वाढलो, जवळच्याच एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात दर वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. सोळा वर्षं तो एक जण मी होतो. माझा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि मला दोन्हींचा भलताच अभिमान. मी बसलो की लोक पंखा बंद करायचे, खडखडाट नको म्हणून. उकाड्यात पंखा बंद करून कुणी आपल्याला ऐकतंय म्हटल्यावर माणूस बिघडणारच.

त्या वर्षी दाराची चौकट मला सारखी खांद्याला लागत होती. रस्त्यात स्कूटर एकदम अंगावर उगवायची. विहारातल्या बल्बभोवती रंगीत कडं दिसायचं, तेही मला छानच वाटायचं. सत्तेचाळिशी आली, चालायचंच, असं म्हणून मी चष्मेवाल्याकडे जायचो.

आणि एका संध्याकाळी वाचन चालू असताना मागच्या रांगेतून आवाज आला, "मिलिंदा, दोन ओळी खाल्ल्यास बाबा."

या गयाबाई मावशी. महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून नोकरी केली, निम्म्या वस्तीला पहिली आंघोळ त्यांनी घातली, मलासुद्धा. अक्षरओळख नाही. पेन्शनच्या कागदावर अजून अंगठा लावतात. पण सोळा वर्षांत एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

मी ग्रंथ वर उचलून दाखवला. म्हटलं, "मावशी, पुस्तक माझ्या हातात आहे की तुमच्या?"

सगळे हसले. मी पुढे वाचत राहिलो.

त्या ओळी मी खरंच सोडल्या होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या. पण ग्रंथ वर्षानुवर्षं वाचून तोंडात इतका बसला होता, की डोळे जिथे कमी पडत तिथे आठवण परस्पर भर घालत होती. मला वाटायचं मी वाचतोय, आणि मी निम्मं आठवत होतो. दुसरं कुठलंही पुस्तक हातात असतं तर महिन्याभरात अडखळलो असतो आणि वेळेवर दवाखाना गाठला असता.

दिवे कमी लागतात हो तुमचे

चौथ्या वेळी चष्मेवालाच म्हणाला, "साहेब, नंबर बदललेलाच नाही. डॉक्टरांना दाखवा." माझी मुलगी करुणा तेव्हा हडपसरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागली होती. तिने रजा काढली, मला आणि माझी बायको सुजाता हिला रिक्षात बसवलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात आणि हातात बटण देतात. समोर बारीक दिवा चमकला की दाबायचं. मी मोठ्या तयारीने बसलो. मधूनच एखादा दिवा लागायचा, मी टच्कन दाबायचो. बाहेर आल्यावर तिथल्या ताईंना म्हणालोसुद्धा, "दिवे फार कमी लागतात हो तुमचे. यंत्र बघून घ्या एकदा."

त्या म्हणाल्या, "दिवे भरपूर लागतात, काका."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला डॉक्टरांच्या खोलीपर्यंत जावं लागलं. डॉक्टर तरुण होत्या, फिरवून बोलल्या नाहीत. काचबिंदू. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ संपलेली, कधी संपली ते मलाही सांगता येणार नाही. डाव्यात मधोमध थोडी शिल्लक.

"गेलेली परत येत नाही," त्या म्हणाल्या. "राहिलेली राखायचा प्रयत्न करू."

मी विचारलं, "चष्म्याने?"

सुजाताने माझा हात धरला. चारचौघांत हात धरणाऱ्यातली ती नाही. तेव्हा मी घाबरलो.

बाहेर आल्यावर मी डावा डोळा तळहाताने झाकला. समोरची दवाखान्याची पाटी गेली, रिक्षा गेली, सुजाता गेली. हात काढला, सगळं परत आलं. पुन्हा झाकला. सुजाता म्हणाली, "काय करताय?"

"काही नाही. ऊन लागतंय," मी म्हणालो.

वॉर्डातले दिवस

दाब उतरवायला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्यावर पट्टी, आणि उजवा असून नसल्यासारखा. त्यामुळे वॉर्डातले ते दिवस मी अंधारातच काढले. सकाळ झाली हे चहाच्या किटलीच्या आवाजाने कळायचं, डॉक्टर आल्या हे चपलांचे आवाज एकदम बंद होण्याने.

एका सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. डोळ्यात थेंब घालायच्या आधी त्या प्रत्येक वेळी नाव सांगायच्या. "मी शोभा, काका. कपाळाला हात लावते हां." दिवसातून आठ वेळा तेच नाव, तेच वाक्य. अचानक अंगाला हात लागला की माणूस किती दचकतो, हे डोळसांना सांगून समजत नाही. त्या बाईंना ते न सांगता कळलं होतं.

शेजारच्या खाटेवर कात्रजचे एक गृहस्थ होते, दूध डेअरीतून निवृत्त झालेले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तसे ओरडले, "अहो, भिंत एवढी पांढरी आहे होय!" आणि घरी गेले. मला त्यांचा इतका राग आला की त्यांनी ठेवून दिलेलं मोसंबं मी खाल्लं नाही. आजारी माणूस सोशिक असतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

माझी पट्टी निघाली. दाब उतरला होता. पण राहिलेली नजर राहिली नव्हती. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, आम्ही सह्याही केल्या होत्या, त्यामुळे भांडायला कुणी नव्हतं. खिडकी कुठे आहे एवढं कळत होतं. आजही तेवढंच कळतं.

गयाबाई मावशी भेटायला आल्या. आल्या आल्या त्यांनी चादर चाचपली, "ही कालची हाय," म्हणाल्या आणि वॉर्डबॉयला कामाला लावलं. मग स्टूल ओढून बसल्या.

"रडून घे थोडं," त्या म्हणाल्या. "टाकं ओढतील म्हणून डागदर नगं म्हणतील, पर घे."

मी रडलो. मग म्हटलं, "मावशी, आता मी वाचणार कसा?"

"मी कुटं वाचती? माजं काय अडलं?"

सांत्वनाला आलेल्या माणसाने असं बोलावं? मी तोंड भिंतीकडे केलं. मी वाचणारा होतो, त्या ऐकणाऱ्या होत्या, आणि त्या मला त्यांच्या रांगेत बसायला सांगत होत्या. मला ते मान्य नव्हतं.

घरी

नोकरी कायद्याने टिकली. साहेब म्हणाले, "तुम्ही या, बसा, काही लागलं तर सांगा." काम मात्र दिलं नाही. टेबलावरच्या फायली हळूहळू दुसऱ्या टेबलांवर गेल्या आणि मी रोज आठ तास रिकामं टेबल सांभाळू लागलो.

घरी त्याहून कठीण होतं. सुजाता महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. चाळीस पोरांशी बोलून घसा बसलेला असायचा, तरी घरी येऊन मला पेपर वाचून दाखवायची. एक दिवस मला जाणवलं की ती मध्येच थांबते, पान उलटते, आणि भलतीकडून सुरू करते. पुढच्या वेळी मी हटकलं.

"काय सोडलंस?"

"जाहिरात होती."

जाहिरात नव्हती. करुणाकडून नंतर कळलं, एका अंध माणसाला बसने उडवल्याची बातमी होती. मी सुजातावर ओरडलो. म्हणालो, मला जे वाचायचं ते मी ठरवणार, तू कोण? ती म्हणाली, "मग वाचा ना स्वतः!" आणि पुढच्या क्षणी तिला कळलं ती काय बोलली. स्वयंपाकघरात जाऊन ती बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. आमच्या सव्वीस वर्षांच्या संसारात एवढं वाईट भांडण झालं नव्हतं.

खरं तर ती बरोबर होती. मला स्वतःलाच वाचायचं होतं. दुसऱ्याच्या दयेने, दुसऱ्याच्या सवडीने, त्याला वाटेल तेवढं गाळून ऐकायचं नव्हतं. तोपर्यंत मी डोळे मागत होतो. त्या दिवसापासून मी वाचन मागू लागलो.

टाळ्या

आषाढ पौर्णिमा आली. विहारातल्या मंडळींनी मला पुढे नेलं, फुलं दिली, आणि म्हणाले, ग्रंथातलं पाठ आहे तेवढं म्हणा. मी सुरू केलं. चार-पाच मिनिटं उत्तम गेली. मग एका जागी अडकलो. पुढचं वाक्य येईना. मागचं परत म्हटलं, तरी येईना.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी प्रेमाने वाजवल्या हे मला माहीत आहे. पण सोळा वर्षांत वाचनाच्या मध्ये कुणी टाळी वाजवली नव्हती. टाळ्या म्हणजे पुरे झालं, बसा. त्या वर्षी दुसऱ्या एकाने वाचन केलं. पंखा चालूच राहिला. मी पाच-सहा दिवस गेलो आणि मग पाय दुखतात म्हणून सांगितलं.

सिनिऑरिटी

आमच्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते आपटे. पेठेतले, जन्मापासून अंध. वीस वर्षं आम्ही एका इमारतीत होतो आणि मी त्यांच्याशी "जरा लाइन द्या" यापलीकडे बोललो नव्हतो. तेच एक दिवस काठी टेकत माझ्या रिकाम्या टेबलापाशी आले.

"मिलिंदराव, आपल्याला किती महिने झाले?"

"नऊ."

"मला एक्केचाळीस वर्षं. म्हणजे सिनिऑरिटीने मी वर. तेव्हा मी सांगतो ते ऐकायचं. आपण सध्या काय वाचताय?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. म्हटलं, "आपटे, मला दिसत नाही."

"ते मी विचारलंच नाही. मी विचारलं, वाचताय काय?"

त्यांच्या घरच्या संगणकावर पुस्तकं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं. पुस्तक उघडा, बाणाचं बटण दाबा, ते एक वाक्य बोलणार. पुन्हा दाबा, पुढचं वाक्य. वरचा बाण दाबला की मागचं. प्रकरणावर उडी मारता येते, खूण ठेवता येते, वेग कमी-जास्त करता येतो. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं, आणि बनवणाऱ्यांत आपल्यासारखे अंधही आहेत, असं आपटे म्हणाले. आणि फुकट.

मी कारकून. फुकट म्हटलं की मला आधी अट कुठे आहे ते दिसतं. "फुकट कसं असेल? काहीतरी असणार."

"अहो, फुकट आहे," आपटे म्हणाले. "आपल्याला दिल्याशिवाय चैन पडत नसेल तर चहा पाजा. दोन."

करुणाने तिच्या जुन्या लॅपटॉपवर ते चढवून दिलं. पहिला दिवस भयंकर गेला. त्याला मराठी आवाज तेव्हा नव्हता, हिंदी आवाजच मराठी वाचायचा, तोही तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. सुजाता म्हणाली, "हे ऐकण्यापेक्षा मी वाचते ना." करुणा म्हणाली, "बाबा, एक वीक द्या फक्त. कानाला सवय होते. आणि कीबोर्डला मी हात लावणार नाही, तुम्हीच दाबायचं."

आठवड्याने सवय झाली. एका रविवारी दुपारी मी एक कथासंग्रह लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकट्याने वाचला. हो, वाचला. मला हवं तिथे थांबलो, एक परिच्छेद आवडला म्हणून तीनदा मागे गेलो, एक कथा भिकार वाटली ती सोडून दिली. ती मी स्वतः सोडली, माझ्यासाठी कुणी गाळली नाही. शेजारच्या खोलीत सुजाता गाढ झोपली होती. वर्षभरात दुपारची पहिल्यांदाच झोपली होती. मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसलो.

आणि लगेच मनात आलं, ग्रंथ.

दिसतं मराठी

ग्रंथ संगणकात कुठेच नव्हता, निदान आम्हाला मिळेना. आमच्या वस्तीत सिद्धार्थचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. त्याला कळल्यावर तो म्हणाला, "दादा, त्यात काय, मी टाइप करतो." धंद्याच्या ऐन हंगामात त्याने आठ दिवस बसून पहिला भाग टाइप केला. करुणाने फाइल चढवली. घरात दहा-बारा माणसं जमली होती. मी बाण दाबला.

"के, जी, डॉलर, एस, अर्धविराम, कंस."

पुन्हा दाबला. "एक्स, टक्के, टी, टी, डॉलर."

कुणी हसलं नाही. सिद्धार्थ म्हणाला, "अरे, पण दिसतंय तर मराठी! शुद्ध मराठी दिसतंय!"

मी आपट्यांना फोन लावला. ते म्हणाले, "दिसतंय ना? तिथेच गोम आहे. त्या जुन्या फाँटमध्ये आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात, त्यांना वरून मराठीचा अंगरखा घातलेला. डोळसांची फसवणूक होते, आपली होत नाही. युनिकोडमध्ये करा, त्यात आतही मराठीच असतं. पहिल्यापासून."

आठ दिवसांचं काम गेलं. सिद्धार्थ डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "म्हणजे मी आजवर छापलेली एकही ओळ तुमचं हे मशीन वाचणार नाही?" मला वाटलं, संपलं. लोकांना किती त्रास द्यायचा? मी म्हणालो, राहू द्या.

"राहू द्या कसं?" महिला मंडळातून कुणीतरी म्हणालं. बहुतेक सगळ्याच. दुसऱ्या दिवशी ग्रंथाचे भाग घराघरांत वाटले गेले. कुणाच्या मुलीने कॉलेजात टाइप केलं, कुणी नेट कॅफेत, कुणी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत. सिद्धार्थने दुकान बंद झाल्यावर युनिकोड शिकून पुन्हा पहिलाच भाग हट्टाने केला. सुजाताने सगळ्यात लांब भाग मागून घेतला आणि शाळा सुटल्यावर तिथल्याच संगणकावर दोन बोटांनी टाइप करत बसली. पाठ धरली तरी तिने तो दुसऱ्या कुणाला दिला नाही.

मग टाइप केलेलं तपासणार कोण? रात्री जेवणं झाली की गयाबाई मावशी येऊन बसू लागल्या. मी बाण दाबायचो, बटाट्याचा आवाज बोलायचा, सुजाताला सवड असली की ती समोर ग्रंथ उघडून बसायची. दोन-तीन दिवसांनी मावशी एकदम म्हणाल्या, "थांब. हितं एक गेली."

सुजाताने पान बघितलं. खरंच एक वाक्य राहिलं होतं. पुढच्या महिनाभरात त्यांनी अशा एकवीस जागा पकडल्या आणि एकदाही चुकल्या नाहीत. मला ती संध्याकाळ आठवत होती, मी ग्रंथ वर उचलला होता ती. रोज वाटायचं आज बोलावं, माफी मागावी. रोज राहून जायचं. माझा स्वभाव डोळ्यांबरोबर गेला नव्हता.

एक कान आत, एक कान बाहेर

वाचायचं कसं याचाही अभ्यास करावा लागला. एका कानात इयरफोन, त्यात वाक्य येणार, ते मी खणखणीत आवाजात म्हणणार, तोवर बोट पुढच्या वाक्याला तयार. सुरुवातीला ऐकू गेलो तर बोलता येईना, बोलू गेलो तर ऐकू येईना. आपटे म्हणाले, "आमचा धंदाच तो. एका कानाने साहेबांचं ऐकायचं, दुसरीकडे 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगायचं. होईल." कार्यालय सुटल्यावर ते मला रोज अर्धा तास घासायचे. एकदा नुसते ऐकत राहिले आणि म्हणाले, "आता वाईट म्हणता येत नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक.

याच काळात मी साहेबांकडे जाऊन माझ्या फायली परत मागितल्या. परिपत्रकं आता संगणकावर येत होती, युनिकोडमधली मी वाचत होतो. जुन्या फाँटमधली आली की त्या त्या विभागाला खरमरीत पत्र पाठवत होतो. माझं टेबल पुन्हा भरलं. सहकाऱ्यांना याचा फार आनंद झाला असं नाही.

ज्यांना नुकतंच कळलंय त्यांना एवढंच सांगतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्या, दुखत नाही म्हणून थांबू नका. थेंब चुकवू नका. आणि नजर गेलीच, तर जे वाचन थांबलंय ते घरच्यांच्या गळ्यात टाकू नका, स्वतः परत मिळवा. साधनं आहेत, फुकट आहेत, आणि शिकवणारा आपटे प्रत्येकाच्या आसपास कुठेतरी असतो. आपण त्याच्याशी बोललेलो नसतो.

आषाढ पौर्णिमा

विहार भरला होता. आपटेही आले होते, पेठेतून दोन बस बदलून. मी मांडीसमोर लॅपटॉप ठेवला, उजव्या कानात इयरफोन घातला. शेजारी रिवाज म्हणून ग्रंथही ठेवला होता. मी बसलो आणि कुणीतरी उठून पंखा बंद केला. ती टक् ऐकली. दोन मिनिटं नुसतं पाणी प्यायलो.

मग वाचायला लागलो.

पहिली काही वाक्यं मी धरून धरून वाचली. मग आवाज मोकळा झाला. तो अडकलेला भाग आला, गेल्या वर्षी टाळ्या पडल्या होत्या तो, आणि मी तो सरळ वाचून पार केला. कुणीही टाळी वाजवली नाही. लोक ऐकत होते. माझ्या वाक्याच्या शेवटी लोकांचे श्वास मला ऐकू येत होते. घामाने बोटं ओली झाली होती, पण मी थांबलो नाही. मला जोर चढला होता.

मागच्या रांगेतून आवाज आला.

"मिलिंदा, दोन ओळी खाल्ल्यास."

विहारात कुजबूज झाली. "मावशी, असू द्या हो." "त्यांना दिसत नाही, मावशी, एवढं करताहेत ते." "वाचा दादा, तुम्ही वाचा."

वर्षभर सगळ्यांनी मला सगळं माफ केलं होतं. सांडलेला चहा, चुकलेली सही, अडकलेलं वाक्य. एकट्या या बाईने केलं नव्हतं.

"असू कशाला द्या?" मी म्हणालो. ओलं बोट घसरून बाण जास्त वेळा दाबला गेला असणार. मी वरचा बाण दाबला. एकदा. दोनदा. कानात ते वाक्य आलं, त्याच्या मागचंही आलं. सुटलेल्या दोन्ही ओळी मी मोठ्याने, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्या. मग थांबलो.

"मावशी," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तेव्हाही मी खाल्ल्या होत्या. पुस्तक माझ्या हातात होतं, तरी तुमचंच बरोबर होतं. मला माफ करा."

पंखा बंद होता, त्यामुळे मागच्या रांगेतल्या बांगड्यांचा आवाजही पुढे आला.

"ठाव हाय मला," मावशी म्हणाल्या. "वाच पुढं."